धुरीचं कपाट

"आता कसा येतोय वास?" म्हाताऱ्यानं विचारलं.

सुनेनं कपाटाच्या फटीशी नाक नेलं, डोळे मिटले आणि लांब श्वास घेतला. "छान येतोय, बाबा. गोडसर."

"कडवट नाही ना? जरा शंका आली तरी सांग, वरची झडप उघडतो."

"नाही हो. उघडू नका, चांगला धूर वाया जाईल."

म्हाताऱ्यानं झडपेवरचा हात काढला आणि पुन्हा स्टुलावर बसला. सकाळी सहापासून तो परसात ठाण मांडून होता. कपाटात डुकराचे दोन अख्खे खांदे टांगलेले होते, मीठ, साखर आणि मिरी चोळून दोन दिवस मुरवलेले. दरवर्षीप्रमाणे संध्याकाळी दोन्ही मुली, जावई, नातवंडं, सगळे जेवायला येणार होते.

चाळीस वर्षं त्यानं खाटकाचं दुकान चालवलं होतं. जुन्या लोखंडी कपाटाला भोकं पाडून मांसाला धुरी द्यायची सोय त्यानंच केली होती. त्याची पद्धत एकच. धूर बघायचा नाही, हुंगायचा. चांगला आणि बिघडलेला धूर डोळ्यांना सारखाच दिसतो. नाकाला मात्र ताबडतोब कळतं, आणि तेव्हाच झडप उघडायची. नाही उघडली तर मांसावर काजळी धरते आणि घास गिळवत नाही. एकदा मुलानं थर्मामीटर आणून दिला, तर म्हातारा म्हणाला, "मांसाला ताप आलेला नाही."

दोन वर्षांपूर्वी ताप त्यालाच आला आणि जाताना नाक घेऊन गेला. पाठोपाठ जिभेची चवही गेली. त्यानंतर दोन्ही वर्षींच्या जेवणांना मांस इतकं कडू झालं, की शेजारच्या कुत्र्यानंही हुंगून तोंड फिरवलं.

यंदा मुलानं स्पष्टच सांगितलं होतं. "बाबा, हे शेवटचं. पुन्हा कडू झालं तर सोमवारी भंगारवाल्याला बोलावतो. त्या जागेत गाडी तरी लावता येईल."

तेव्हा सूनच मध्ये पडली होती. "अहो, एक संधी द्या ना त्यांना. मी घेईन बाबांसाठी वास."

म्हाताऱ्याला भरून आलं होतं. लोक या घरी त्याच्या हातचं खायला यायचे. कपाट गेलं, की आपण नुसते खायला उरलो, हे त्याला पुरतं ठाऊक होतं.

सून शब्दाला जागली. स्वयंपाकघरातून दर तासाला हात पुसत यायची, वास घ्यायची, "छान" म्हणायची आणि लगबगीनं परत जायची.

दुपारी म्हातारा म्हणाला, "पोरी, या घरात माझ्या बाजूनं उभी राहणारी तू एकटीच बघ."

"काहीतरीच काय बोलता, बाबा," ती म्हणाली आणि दोरीवरचे कपडे काढायला लागली. लग्न होऊन आल्यापासून अकरा वर्षं तिच्या धुतलेल्या कपड्यांना त्या धुराचा वास लागत होता, पण तिनं कधी तोंडातून ब्र काढला नव्हता. म्हाताऱ्याला तिचं फार कौतुक वाटलं.

संध्याकाळी टेबलाभोवती अकरा जण दाटीवाटीनं बसले. म्हाताऱ्यानं स्वतः सुरी चालवली. काप कसे लोण्यासारखे पडत होते. त्यानं सगळ्यांना वाढलं आणि सगळ्यांच्या तोंडांकडे बघत उभा राहिला.

थोरल्या मुलीनं चावणं थांबवलं आणि घाईघाईनं पाण्याचा ग्लास उचलला. धाकट्या जावयानं घास हळूच रुमालात घेतला. नातू सरळ ताटात थुंकला.

"बाबा," मुलगा म्हणाला, "तोंडात धरवत नाही हो."

"असं कसं होईल? दर तासाला वास घेतलाय." म्हातारा सुनेकडे वळला. "सांग ना गं यांना!"

सुनेचे डोळे भरून आले. "मला तर चांगलाच वाटत होता हो, बाबा. माझंच चुकलं असेल."

"तुझा काय दोष? तू दिवसभर राबलीस," थोरली म्हणाली आणि तिनं तिची पाठ थोपटली. म्हाताऱ्यानंही मान हलवली. त्याला स्वतःचीच लाज वाटत होती.

"मग सोमवारी बोलावतो," मुलगा म्हणाला. एकेकानं ताट बाजूला सारलं.

"पोरं उपाशी आहेत, बघते काहीतरी," असं म्हणून सून आत गेली आणि लगेच दोन्ही हातांनी एक मोठं पातेलं घेऊन आली. बटाटे घालून शिजवलेलं पोर्क होतं, वाफाळतं, अकरा जणांना पुरून उरेल एवढं. टेबलाला एकदम कंठ फुटला. तिनं सगळ्यात आधी म्हाताऱ्याला वाढलं.

त्यानं नुसता चमचा लावला, तर मांस हाडावरून आपोआप सुटून आलं. असं सुटायला मंद आचेवर चार तास लागतात, आणि ते ओळखायला खाटकाला नाक लागत नाही.