दुसरं झाकण

उताराच्या मध्यावर हार्लनने ब्रेक दाबला आणि पाय पाण्यात पडावा तसा खाली गेला.

समोर ओढा होता. रात्रभराच्या पावसाने ओढ्यावरचा ठेंगणा फरशीपूल बुडाला होता. शेजारी बायको, आयडेला. तिच्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला लोखंडी तवा, तव्यात चर्चच्या जेवणासाठी केलेला मक्याचा पाव.

"हार्लन, हळू घे ना," ती म्हणाली.

त्याने गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घातली. हँडब्रेक ओढला, पण तो कित्येक वर्षं नुसता शोभेपुरताच होता. चोपन्न सालचा हा हिरवा पिकअप त्याने नट न् नट मूळचा ठेवला होता. आणि मूळच्या गाडीत ब्रेकचं ऑइल एकाच डब्यातून चारही चाकांना जायचं. कुठे एक नळी फुटली की चारही चाकं मोकळी. हे त्याला पाठ होतं. त्यामुळे आता काय होणार, तेही त्याला दिसत होतं.

आयडेलाचे ओठ हलू लागले. पहाटे अंथरुणातून पाय खाली टेकण्याआधी ती जे स्तोत्र म्हणायची, तेच.

हार्लनने पुन्हा पाय रेटला, पार फळीपर्यंत. अगदी तळाशी काहीतरी अडलं. पुढची चाकं कर्रकन वाजली, गाडी घसरली, थोडी तिरकी झाली आणि पाण्याला नाक लावून उभी राहिली.

गढूळ पाण्यातून एक ओंडका गिरक्या घेत वाहून गेला.

"देवा, तुझे उपकार," आयडेला म्हणाली. तव्यावरचा टॉवेल सरकला होता, तो तिने नीट केला.

हार्लन मात्र स्टिअरिंग धरून तसाच बसला होता. "थांबायला नको होती."

"असं काय वेड्यासारखं बोलतोस?"

"अगं, थांबूच शकत नाही ही. नळी गेली की खेळ खलास."

तो उतरला. चाकाखाली दगड लावला. मग कण्हत कण्हत वाकून त्याने पायाखालचं रबरी जाजम दुमडलं आणि फळीतल्या पत्र्याचे स्क्रू काढले. पाठ वाकेनाशी झाल्यापासून हा पत्रा उघडून ऑइल बघायचं काम जावयाकडे गेलं होतं.

आत ऑइलच्या डब्याला एक झाकण असायला हवं होतं. दोन होती. डबाही लांबट, दोन कप्प्यांचा. वरून ग्रीस आणि चिखल असा फासलेला, की उभ्याने बघणाऱ्याला जुनाच वाटावा. त्याने झाकणं उघडली. एक कप्पा कोरडा ठणठणीत. दुसरा काठोकाठ भरलेला.

वसंतात लॉनीने, म्हणजे जावयाने, क्लच बदलला होता. तेव्हा जेवणाच्या टेबलावर त्याने विचारलं होतं, "मिस्टर हार्लन, दोन कप्प्यांचा डबा बसवू का? एक नळी गेली तरी दोन चाकं धरतील." त्यावर हार्लन सगळ्यांदेखत म्हणाला होता, "जावईबापू, आमची मुलगी नेलीत तेवढं पुरे झालं. आता गाडीतलं काही नेऊ नका." सगळे हसले होते. लॉनीही हसला होता.

"आयडेला, तुला हे ठाऊक होतं?"

आयडेला ओढ्याकडे बघत राहिली. "बॅटरीचा उजेड मीच धरला होता," ती हळूच म्हणाली. "आणि चिखल माझ्या गुलाबाच्या वाफ्यातला आहे."

तेवढ्यात मागून लॉनीची गाडी उतरली. तोही जेवणालाच निघाला होता. उघडा पत्रा दिसला आणि त्याचा चेहरा पडला. त्याने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"जुना डबा टाकलेला नाही, मिस्टर हार्लन. बांधून ठेवलाय. म्हणाल तर उद्याच परत बसवतो."

"फडकं आहे का?"

लॉनीने मागच्या खिशातलं फडकं दिलं. हात पुसायला मागितलं असेल, असं त्याला वाटलं. पण हार्लन पुन्हा वाकला आणि तो डबा पुसू लागला. आधी चिखल, मग ग्रीस, मग झाकणांच्या कडा. खालचं नवं लोखंड उजळून दिसेपर्यंत पुसत राहिला.

"चांगल्या कामाला चिखल फासतात का रे?" मान वर न करता तो म्हणाला.

"तुम्ही बघितलं असतं तर..."

"तर काढायला लावलं असतं." हार्लनने पाण्याकडे पाहिलं. "आणि आता त्या ओंडक्यामागून निघालो असतो, दोघंही."

लॉनी टोपीची कड चाचपत उभा राहिला.

"आयडेला, तो पाव काढ."

"अरे, तो चर्चचा आहे."

"चर्चमध्ये खायला काय कमी आहे? काढ."

पिकअपची मागची फळी पाडून तिघं तिच्याभोवती उभे राहिले. पाव अजून कोमट होता. आयडेलाने हातानेच तोडला आणि रोजच्या सवयीने पहिला तुकडा हार्लनपुढे धरला. त्याने तो घेऊन लॉनीच्या ग्रीसने कायमच्या काळ्या झालेल्या तळहातावर ठेवला.

लॉनी खाणार, तोच हार्लनने हॅट काढली. तिघांनी माना खाली घातल्या.

"प्रभू, या अन्नाबद्दल तुझे आभार. ज्या हातांनी ते रांधलं, त्यांना आशीर्वाद दे."

रोजची प्रार्थना इथेच संपायची. आयडेला डोळे मिटून आमेनची वाट बघत होती.

"आणि त्या दुसऱ्या झाकणाबद्दल," हार्लन म्हणाला. "आमेन."