ऑनोरेचे वय

ऑनोरे युरोपात बचावपटू म्हणून खेळतो. तिथे जाताना प्रशिक्षकाने कागदोपत्री त्याचे वय चार वर्षांनी घटवले होते. आता करार वाढवण्यापूर्वी वयाची खातरजमा करण्यासाठी क्लबतर्फे त्यांच्याच म्बुजी-मायी शहरातले एक गृहस्थ घरी येणार होते. खोटे उघडे पडले तर कारकीर्द संपणार, म्हणून भाऊ प्लासिद आईला आठवडाभर पढवून वैतागला होता.

“आई, मी अठ्ठावीसचा, तो चोवीसचा. म्हण पुन्हा!”

“दोनच लेकरं मला, त्यांची वयं तू शिकवतोस होय रे?”

गृहस्थांपुढे मात्र ती एकदाही अडखळली नाही. त्यांनी समाधानाने वही मिटली.



तेवढ्यात शेजारणीने, इथल्या रीतीप्रमाणे तिचे नाव न घेता, अंगणातून आदराने हाक दिली, “जुळ्यांच्या आई, आहात ना घरात?”