आधीची बारी

फुकट जेवणाचं आमंत्रण होतं म्हणून सुदाम आई नागुबाईला आणि बायको राजकन्येला घेऊन लातूरच्या त्या हॉटेलात आला होता. महाबळेश्वरची एकच कॉटेज अनेक कुटुंबांनी मिळून घ्यायची आणि दरवर्षी ज्यानं त्यानं आपल्या ठरलेल्या आठवड्यात राहायचं, असं तिथला सेल्समन मघापासून समजावत होता. लग्नानंतर राजकन्या एकदाही कुठं फिरायला गेली नव्हती. ती सासूच्या चेहऱ्याकडंच बघत होती.

"म्हंजी विहिरीच्या पाण्याची बारीच की," नागुबाई म्हणाल्या. "चुलत दीर व्यंकटरावासंग साझ्यात विहीर हाय आमची. त्याची बारी संपली तरी मोटर काही बंद व्हत न्हाई. निम्मा ऊस वाळला आमचा."

"इथं तसं नाही होत, मावशी. वेळ झाली की खोली रिकामी."

"मग घे रे सुदाम, मे महिन्यातला आठवडा."

राजकन्येनं मनातल्या मनात बॅग भरायला घेतली.

"फकस्त आपल्या आधीची बारी कुणाची हाय, तेवढं इचार."

सेल्समननं हसून मागच्या टेबलाकडं हात केला.

 

"माझी हाय, वहिनी," पेनाला टोपण लावत व्यंकटराव म्हणाले.