चिमणी पुलावरून गेली तेव्हा

"सांगून कोणाला पटणार नाही, पण ही गाडी उडालेली आहे," म्हातारा ड्रायव्हर म्हणाला.

मेकॅनिकनं कपाळावर हात मारला. "झालं सुरू! अहो काका, आता तरी थापा पुरे."

पण म्हाताऱ्याचा नाइलाज होता. कंपनीच्या जुन्या गाड्या जपून ठेवायच्या शेडमध्ये एकाच बसची जागा उरली होती. एकीकडे पितळी दिव्यांची, गुबगुबीत गाद्यांची दणकट बस. दुसरीकडे त्यानं जन्मभर चालवलेली 'चिमणी': पातळ पत्रा, छोटं इंजिन, कोणी जोरात शिंकलं तरी दार उघडायचं. एक राहणार, दुसरी भंगारात. निवडायला आलेल्या मॅडम घड्याळाकडे बघत होत्या. मेकॅनिकच्या हातात फुली मारायचा खडू तयार होता.

म्हाताऱ्यानं चिमणीच्या गार पत्र्यावर तळवा टेकला आणि सुचेल तसं सांगत सुटला.

"डोंगराकडच्या रस्त्याला लाकडी पूल होता. जड गाड्या तिकडे फिरकायच्याच नाहीत, म्हणून तर ही हलकी. तरी रिवाज असा, की पुलाअलीकडे सगळ्यांनी उतरायचं, चालत पलीकडे जायचं, मागून रिकामी गाडी न्यायची. त्या दिवशी पहाटे हे एवढं धुकं. मागे बघतो तर अख्खी गाडी गाढ झोपलेली. कंडक्टरसुद्धा, तिकिटांची पेटी पोटाशी धरून. उठवायचं जिवावर आलं. हिला म्हटलं, बाई गं, आवाज करू नकोस. तिनं ऐकलं. चाकं पुलाला लागलीच नाहीत! खाली नदी, वर ढग, मध्ये आम्ही. पलीकडे टेकलो तेही असं, की झोपलेलं पोर खांद्यावरून अलगद अंथरुणावर ठेवावं. एकालाही कळलं नाही."

सांगता सांगता त्याचाच आवाज हळू झाला होता. इतकं देखणं खोटं त्याला बऱ्याच दिवसांत सुचलं नव्हतं.

"मारू फुली, मॅडम?" मेकॅनिकनं विचारलं.

"थांबा."

मॅडम चिमणीच्या मागच्या खिडकीपाशी गेल्या होत्या. काचेवरची धूळ त्यांनी बोटानं पुसली आणि वळून ठसक्यात म्हणाल्या, "साफ खोटं बोलताय, काका! एकालाही कळलं नाही कसं? मी जागी होते. हात बाहेर काढून ढग धरत होते. आईला मुद्दाम उठवलं नाही, नाहीतर तिनं खिडकी लावून घेतली असती."