चौदाशेवा माणूस

"काय फिंच, आत्याबाई कशा आहेत?" लंडनच्या शेअरबाजारात शिरता शिरता पेनरोजने दारावरच्या शिपायाला विचारलं.

"सकाळीच गेल्या, साहेब," फिंच म्हणाला. त्याने पेनरोजची भिजलेली छत्री घेतली आणि आतल्या खुंटीला टांगली. वीस वर्षं ती खुंटी पेनरोजचीच होती.

कुणी मेलं नव्हतं. चिलीतल्या एका रेल्वेच्या शेअरांना बाजारात लाडाने 'आत्याबाई' म्हणत, आणि आज सकाळी त्यांचा भाव पार कोसळला होता. इथे कशालाच सरळ नाव नसे. तेजीवाला तो बैल, मंदीवाला तो अस्वल, आणि ज्याला देणी फेडता येत नाहीत तो लंगडं बदक. माणूस बुडाला असं तोंडाने म्हणायची सगळ्यांनाच भीती वाटत असावी, म्हणून तर ही जनावरं पाळलेली. कुणी बुडाला की एक शिपाई ओट्यावर चढे, टोपी काढी, लाकडी हातोड्याचे तीन ठोके मारी आणि नाव पुकारी. त्या क्षणापासून तो माणूस बाजाराचा कुणी लागत नसे.

आज कुणाचं नाव निघणार, हे शेंबड्या पोरानेही सांगितलं असतं. हॅडलीचं. सगळ्यात जास्त आत्याबाई त्याच्याच घरी नांदतात, असं जो तो म्हणे.

हॅडली नेहमीच्या खांबाखाली उभा होता. याच खांबाखाली तो आणि पेनरोज वीस वर्षं खांद्याला खांदा लावून उभे राहात आले होते. हॅडली तीन मुलींचा बाप. पेनरोज सडाफटिंग, त्यामुळे रविवारचं जेवण ठरलेलं, हॅडलीकडे. आज हॅडलीचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"अजून वेळ आहे," तो हळूच म्हणाला. "कमिटीशी बोलून बघू या."

"बोलणं झालंय."

"माझं घर विकता येईल."

"गप रे. पोरींना काय रस्त्यावर झोपवणार?" पेनरोजने त्याचा खांदा दाबला. "बदक लंगडं झालं तरी त्याचे पंख शाबूत असतात."

शेजारच्या घोळक्यातून कुणीतरी 'क्वॅक क्वॅक' केलं. हशा पिकला. पेनरोज सगळ्यात मोठ्याने हसला. हॅडलीला काही हसू आलं नाही.

तेवढ्यात दारातल्या गर्दीतून एक परका माणूस आत घुसला. तपकिरी बूट, ओला कोट, भांबावलेला चेहरा. अशा वेळी काय करायचं ते ठरलेलं होतं. ज्याला तो आधी दिसेल त्याने "चौदाशे!" म्हणून ओरडायचं, की सगळ्यांनी धावून जाऊन पाहुण्याची टोपी उडवायची आणि त्याला ढकलत बाहेर काढायचं. कधीकाळी सभासद तेराशे नव्याण्णव होते म्हणे, म्हणून परका तो चौदाशेवा. या आरोळीत पेनरोजचा हात धरणारा कुणी नव्हता. एकदा त्याने चक्क एका बिशपला चेपलेल्या टोपीनिशी घरी पाठवलं होतं.

आजही पाहुणा आधी त्यालाच दिसला. पण तो ओरडला नाही.

"अरे, ओरड की!" शेजारचा म्हणाला.

"घसा बसलाय." पेनरोज झपझप पुढे गेला आणि कुणाच्या ध्यानात यायच्या आत त्या माणसाला कोपराला धरून बाहेर पायरीवर घेऊन आला. मागे दार लागलं.

"मी हॅडलीचा मेहुणा," तो माणूस धापा टाकत म्हणाला. "माझी बहीण दिलीय त्याला. पेपरात त्या रेल्वेचं वाचलं आणि लीड्सहून पहिली गाडी पकडली. एवढंच सांगा साहेब, तो बुडाला का हो?"

आतून ठोके आले. एक, दोन, तीन. बाजाराचा सगळा गलका थांबला. कुणाचं तरी नाव पुकारलं गेलं, पण दार जाड होतं.

मेहुण्याने भिंत धरली. "गेला ना?"

"तो नाही गेला. त्याच्याकडे एकही शेअर उरला नव्हता. गेल्या आठवड्यातच त्याने सगळे विकले. जुन्या भावाने."

"असले शेअर घेणारा मूर्ख कोण भेटला त्याला?"

"असतो एखादा," पेनरोज म्हणाला. "बहिणीला जाऊन सांगा, पोरींसाठी काहीतरी गोड कर म्हणावं."

मेहुण्याने त्याचे दोन्ही हात घट्ट धरले. मग तो डोळे पुसत पावसातच निघाला.

सर वाढली होती. पेनरोजला छत्रीची आठवण झाली आणि सवयीने तो दाराकडे वळला. दार उघडून फिंच उभा होता. त्याने खाली बघत हात आडवा धरला.

"थांबा साहेब," तो म्हणाला. "आत फक्त सभासदांना जाता येतं. तुमची छत्री मी आणून देतो."