मोठा बी

“हा बी पुन्हा मोठा काढलात,” दाऊन म्हणाली आणि लाल पेनने त्याच्याभोवती गोल केला.

मालसुनने चष्मा वर सारला. “मोठाच हवाय तो, बाई.”

“नकोय, आजी. मागच्या रविवारी काय शिकलो आपण? विशेषनाम असलं की पहिलं अक्षर मोठं. तुमचं नाव, आपल्या गावाचं नाव, तुमच्या मुलाचं, ग्यूहोचं नाव. बेबी म्हणजे बाळ. बाळं घरोघरी असतात. बी लहान.”

“घरोघरी असतील. माझं एकच आहे.”

शेजारी बसलेली दोकजा खुदकन हसली. रविवारची प्रार्थना आटोपली की चर्चच्या मागच्या खोलीत हा इंग्रजीचा वर्ग भरे. सात-आठ आज्या, एक फळा आणि सव्वीस वर्षांची बाई. भिंतीपलीकडे गाणाऱ्या मंडळींचा सराव चाले, त्यामुळे स्पेलिंगंही हळूहळू सुरात यायला लागली होती. कोरियन लिपीत लहान-मोठं अक्षर नसतंच. म्हणून बाकीच्या आज्या एकतर सगळीच अक्षरं मोठी काढत, नाहीतर एकही नाही. मालसुनची वही मात्र नीट असे. चुके तो एकच बी, आणि तो दर वेळी.

वहीत होतं एक पत्र. ग्यूहोने नऊ वर्षांपूर्वी कॅनडात आईच्या मनाविरुद्ध लग्न केलं. मालसुन तेव्हा फोनवर नको ते बोलली होती. त्यानंतर तो सणाला दोन मिनिटं फोन करी, औषध घेतेस का विचारी आणि ठेवून देई. घरी कधी आला नाही.

“पत्र जमलं तर येतील,” पहिल्याच दिवशी तिने सांगितलं होतं. “बिघडलं तर परत लिहायला मला तोंड नाही.”

दाऊनने पत्र पुन्हा वाचलं. ‘त्या दिवशी माझं चुकलं. या चुसॉकच्या सणाला बेबीने घरी यावं. मला बेबीला बघायचं आहे. तांदळाचे सोंगप्यॉन आपण मिळून वळू.’

“मुलगी आहे ना?” तिने विचारलं.

“मुलगीच.”

“आणि आपली भाषा येत नाही?”

“कुठून येणार? तिथलीच ती. ग्यूहोने वाचून सांगितलेलं मला नको. तिने स्वतः वाचावं, म्हणून तर या वयात गिरवतेय. नऊ वर्षं झाली बाळ आमच्या घरात येऊन, अजून एकदा जवळ घेतलं नाही.”

“नऊ वर्षांच्या मुलीला बाळ म्हटलेलं आवडत नाही, आजी. रुसेल ती. सरळ नाव लिहा ना, मग अक्षर मोठं काढा खुशाल.”

“नाव माझ्या जिभेवर बसत नाही. आणि त्या नावाने तिला सगळं जगच हाक मारतं. माझी हाक माझी असू दे.”

“बरं. सुनेसाठी दोन ओळी?”

“बाळ आलं की सून आलीच.”

दोकजाने खोकल्याचं निमित्त करून तोंडावर रुमाल धरला. “ग्यूहोच्या आई,” ती म्हणाली, “शिकायला येतेस की बाईंना शिकवायला?”

“तू आधी तुझा एस सरळ कर. गोगलगाय काढून ठेवलीय नुसती.”

पुढच्या रविवारी दाऊनने पत्र टाइप करून आणलं. बी अर्थातच लहान केले होते. तिच्या शिकवणीतून चुकीचं पत्र परदेशी गेलेलं तिला कसं चाललं असतं? मालसुनने कागद डोळ्यांजवळ धरला. मग दोकजाचं काळं पेन उचललं आणि दोन्ही बींवर दोन जाडजूड बी गिरवले. शाई पार मागच्या बाजूला उतरली.

“आजी, बिघडलं की हो. लोक हसतील.”

“हसू देत. पण येऊ देत.” मालसुनने कागदावर फुंकर घातली. “पाद्रीबाबा आज काय सांगत होते? देव गर्दीला हाक मारत नाही, एकेकाला मारतो. मीही एकीलाच मारतेय, बाई. मग अक्षर लहान कसं काढू?”

पत्र तसंच टपालात पडलं.

चार आठवडे काही आलं नाही. मालसुन वर्गाला येई, मागच्या बाकावर बसे, वही उघडत नसे. दोकजाही तिला चिडवेनाशी झाली. पाचव्या रविवारी मालसुन धापा टाकत आली आणि तिने न फोडलेलं पाकीट दाऊनच्या हातात दिलं.

“तुम्हीच वाचा. माझा चष्मा आज काही कामाचा नाही.”

पलीकडचं गाणं नेमकं थांबलं होतं. दाऊन एकेक ओळ कोरियनमध्ये सांगू लागली.

“‘आदरणीय आई, तुमचं पत्र मी स्वतः वाचलं. आधी खूप रडले. आम्हाला मूल होणार नाही, हे ग्यूहोने तुम्हाला केव्हाच सांगितलं होतं. तरी तुम्ही बाळ मागताय, असं वाटलं. मी पत्र फाडायला घेतलं...’”

दाऊन थांबली. तिने मालसुनकडे पाहिलं. मालसुनची नजर जमिनीवर होती.

“पुढे,” दोकजा हळूच म्हणाली.

“‘...आणि शाईने गिरवलेला तो मोठा बी दिसला. एवढं मोठं अक्षर कुणी चुकून काढत नाही. मी ग्यूहोला विचारलं. तो म्हणाला, आमच्याकडे सासू सुनेला आपली मानते ना, तेव्हा तिला बाळ म्हणूनच हाक मारते. चुसॉकला आम्ही दोघं येतोय. मी एकोणपन्नास वर्षांची आहे, केस पिकलेत, चालेल ना? तुमची, बेबी.’”