काम चालू आहे

गुडीहत्नूरजवळच्या कापसाच्या जिनिंग गिरणीत जयवंताबाईनं सकाळी हजेरीचा अंगठा लावला आणि रोजच्यासारखी भिंतीला टेकून बसली. सीझन लागला तरी यंत्रं बंदच होती. गाठींना उठाव नव्हता. मंदीत एकही कामगार न काढता काम चालू ठेवलं तरच गिरणीला सरकारी मदत मिळणार होती, म्हणून कोणालाच काढलं नव्हतं. दिवसभर बसायचं, अर्धा पगार घ्यायचा. दुसरीकडे मजुरीला गेलं की नाव कटलं.

"मावशी, भीमपूरले कापूस येचाले बाया भेटून नाई राह्यल्या," शेजारी बसलेली सुवर्णा म्हणाली. "अन् आपण इथं बसून राह्यलो."

"मंग जा ना. काऊन बसली?"

"गेली, अन् इथलं गेलं तं?"

 जयवंताबाई स्वतः तरी कुठे गेली होती?

दुपारी आदिलाबादहून मदतीच्या तपासणीला एक साहेब आले. मागे सुपरवायझर सुरेंद्र. साहेब सगळ्यांवर नजर फिरवत जयवंताबाईपुढे थांबले.

"अम्मा, काम चालू है ना?"

तिनं सुरेंद्रकडे पाहिलं. त्यानं 'हो म्हण' अशी हळूच मान हलवली. चालू म्हणावं तर खोटं. बंद म्हणावं तर साऱ्यांचंच जायचं.

"गेलं नाई साहेब," ती म्हणाली, "पण हायेबी नाई. घरचे इचारते, तं मी काय सांगू? तुमीच सांगा."

साहेबांना मराठी कळत असावं.  पण ते सुरेंद्रकडे वळून म्हणाले, "मशीन चालू करो. फोटो चाहिए."

खटका पडला. रिकामी यंत्रं धडधडू लागली. बाया लगबगीनं आपापल्या जागी जाऊन उभ्या राहिल्या. जयवंताबाईनं नाकातोंडावरून पदर बांधला. समोर कापूस नव्हता, तरी हात पुढे गेले. फोटो निघाले, यंत्रं थांबली, साहेबांची गाडी फाटकाबाहेर पडली.

"मावशी," सुवर्णानं विचारलं, "आज आपण काम केलं का नाई?"

 दोघी बाहेर उन्हात आल्या. सवयीनं दोघींनी पदर झटकले, केस झाडले.

कापसाच्या रुईचा एक कणही उडाला नाही. सुवर्णा तरी झटकतच राहिली.